दहा वर्षांचं बेट

डबा उघडला आणि खोलीभर आंबट वास सुटला. जुनी फिल्म कुजायला लागली की असाच वास येतो, लोणच्याची बरणी कुणीतरी वर्षभर उन्हात विसरल्यासारखा. आत फिल्म होती, म्हणजे एकेकाळी होती. आता तिची वेटोळी एकमेकांना चिकटून तपकिरी गठ्ठा झाला होता. नखानं सोडवायला गेलो तर पापुद्रे निघून बोटांना चिकटले. मागे सुमन उभी होती. पदरानं नाक झाकावंसं तिला वाटत होतं, पण माझ्याकडे बघून तिनं हात खाली घेतला.

"यात हायेत का माझे बाबा?" तिनं विचारलं.

सुमन पंचेचाळिशीच्या आसपासची. बिडकीनच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. गुलमंडीत माझं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद होऊन जमाना झाला, तरी शेजारच्या दुकानदाराला विचारत विचारत ती रविवारी सकाळी माझ्या दारात आली. "माझ्याकडं बाबाचा एक बी फोटो नाय, काका. तुमी लोकांनी त्यांचा शिनेमा काढला व्हता म्हणत्यात. माझं पोरगं इचारतं, आज्जा कसा दिसायचा. एखादा फोटो निघला तरी लई झालं."

मी तिला पुढच्या रविवारी या म्हणालो, बघतो काही निघतं का. चहा पिऊन तिनं स्वतःची कपबशी विसळून पालथी घातली आणि गेली. माळ्यावर त्या डब्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत एक स्पूल होतं, आवाजाचं. त्याबद्दल तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. फिल्म कुजली होती. टेप शाबूत होती. टेप लवकर मरत नाही, हे माझ्या धंद्यात मी हजारदा लोकांना सांगितलं आहे.

त्या आठवड्यात मी फारसं काही केलं नाही. डबा बंद करून ठेवला तरी वास जाईना, आणि त्या वासाचं बोट धरून बाकीचे वास यायला लागले.

तेव्हाच्या औरंगाबादेत आमचा एक फिल्म क्लब होता. औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी भरायचा. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून आम्ही घोंगड्या बांधायचो. त्यामुळे जगातले सगळे महान चित्रपट मला आजही मेंढरांच्या वासासकट आठवतात. प्रोजेक्टरचा दिवा तापला की त्यावरची धूळ जळायची. यंत्राची फरफर, कुणाचा तरी खोकला, मधल्या सुट्टीत कागदात बांधून आणलेली भजी. येऊन जाऊन दहा-बारा माणसं, त्यातले एक निवृत्त मास्तर दिवा विझताच झोपायचे आणि दिवा लागला की टाळ्या वाजवायचे.

एका हिवाळ्यात तिथं बेटांवरच्या माणसांच्या जुन्या फिल्म्स आल्या. कॅमेरे हातानं फिरवायचे त्या काळातल्या. लांब लांबच्या देशांतले गोरे लोक जहाजात बसून जगाच्या टोकाला गेले होते आणि तिथल्या माणसांना पकडून आणल्यासारखं पडद्यावर आणलं होतं. उघड्या अंगाचे पुरुष कातड्याच्या होड्यांतून माशाच्या पाठीत भाले खुपसत. डुकराच्या डोक्यात दांडकं पडे आणि त्याचे पाय बराच वेळ हवेत धावत राहत. लाट उठे, होडी खाई, आणि काठावरच्या बायका तोंड उघडून ओरडत. आवाज नसायचा. नुसती उघडी तोंडं. मला त्या उघड्या तोंडांत भरण्याजोगे आवाज ऐकू यायला लागले होते. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, सेकंडहँड टेपरेकॉर्डर घेतला होता, आणि आमचं पाणी म्हणजे हर्सूलचा तलाव आणि खाम नदी. खाम नदीबद्दल न बोललेलंच बरं.

विलास माझा मित्र. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, आणि त्याच्याकडे चावीचा कॅमेरा होता. चावी पूर्ण भरली की अर्धा मिनिट चालायचा, मग घरघर करत थांबायचा. विलासनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं की त्या जुन्या फिल्मवाल्यांनी बेटावरच्या लोकांचे शर्ट उतरवून ठेवले होते, बंदुका लपवल्या होत्या, आणि त्यांच्या आजोबांनी कधीच टाकून दिलेले भाले पुन्हा त्यांच्या हातात दिले होते. समुद्र शांत असला तर वादळाची वाट बघायला लावून मग होड्या आत लोटल्या होत्या. क्लबात हे त्यानं सांगितलं तेव्हा दोघं-तिघं चिडले. फसवणूक आहे म्हणाले. विलास हसला.

"अरे, माणूस खरा होता ना? लाट खरी होती ना? मग कशाची फसवणूक?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. हे आज लिहायला नको वाटतं, पण आवडलं होतं हे खरं आहे.

आम्हाला बेट हवं होतं आणि मराठवाड्यात बेट कुठून आणणार? पण ते होतं. पैठणच्या धरणाचं पाणी येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. गावं बुडाली, लोक उंचावरच्या नव्या गावठाणांत गेले. भोई समाजाची दहा-बारा घरं मात्र जुन्या गावामागच्या टेकाडावर राहिली. मासळी समोर असताना लांब कशाला जायचं, असा त्यांचा साधा हिशेब. पावसाळ्यापासून पुढे आठ महिने टेकाडाच्या चारी बाजूंना पाणी, उन्हाळ्यात एका अंगानं चिखलातून चालत जाता यायचं. विलास एकदा मोपेडवरून त्या बाजूला गेला आणि काठावर उभा राहून ओरडला, "बेट!" घरी येऊन त्यानं निवेदनाचं पहिलं वाक्य लिहून काढलं. "हजारो वर्षं जगापासून तुटलेली ही माणसं…" ती हजारो वर्षं म्हणजे दहा. माझी सायकल त्या बेटापेक्षा जुनी होती.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा न्यायला रंगनाथ आला होता. सुमनचा बाप. तिशीतला, काळा, हाडाचा रुंद, दात पांढरेशुभ्र. अंगात टेरिकॉटचा निळा शर्ट, मनगटाला घड्याळ, आणि लाकडी होडीत शेजारी ट्रान्झिस्टर. त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. कुणाची तरी विकेट पडली तसं त्यानं वल्हं सोडून कपाळावर हात मारला.

"गेला आपला सामना, साहेब," तो म्हणाला.

विलासनं पहिल्याच दिवशी त्याचा शर्ट उतरवला. घड्याळ उतरवलं. ट्रान्झिस्टर घरात ठेवायला लावला. रंगनाथला सगळ्याची गंमत वाटत होती. "उघडंच राहायचं? बरं. थंडी वाजंल जरा." बायको गयाबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तिच्या कमरेवर नागडी दोन-अडीच वर्षांची सुमन. नायलॉनची जाळी आम्ही घराआड टाकली, म्हाताऱ्यांकडून सुताची फाटकी जाळी काढवली. आम्ही त्यांना रंगनाथ, तुका, अशी एकेरी हाक मारायचो. ते आम्हाला साहेब म्हणायचे. तेव्हा यात मला काही वावगं दिसलं नाही.

वर्षभर आम्ही जात राहिलो. तो हिवाळा आठवतो तो मरळीच्या वासानं. मरळ मासा पाण्याबाहेर काढला तरी मरता मरत नाही. टोपलीतनं उसळून वाळूवर येतो, सरपटायला लागतो. रंगनाथ त्याला पायाखाली दाबून डोक्यात दांडक्याचा एक घाव घालायचा, एकच, आणि मासा लांब व्हायचा. विलासला ते पाहिजे तसं दिसेना. मासा मरतो फार लवकर, तो म्हणायचा. मग रंगनाथनं हळू मारायला शिकून घेतलं. पहिला घाव शेपटीकडे, दुसरा पाठीवर, मग डोकं. मासा तोंड उघडून झटके द्यायचा आणि मी माईक खाली धरून ते झटके टेपवर घ्यायचो. खवल्यांवरून हात फिरवावा तसा ओला, खरखरीत आवाज. एकदा छोटी सुमन ते बघून रडायला लागली तर मी तिलाही टेपवर घेतलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि बुडालेल्या गावातलं मरीआईचं देऊळ वर आलं. शेवाळानं हिरवं काळं, आत गाळ, दाराशी मेलेले शिंपले. टेकाडावरचे लोक दर वर्षी तिथं एक बोकड कापायचे. बुडाली तरी देवी आपलीच आहे, आणि तिला कबूल केलेलं दिलं पाहिजे, असं. ऊन एवढं होतं की चिखलाला पडलेल्या भेगांत हात जात होता. रंगनाथच्या चुलत्यानं, तुकानं, कोयता उचलला, आणि नेमकी त्याच क्षणी विलासच्या कॅमेऱ्याची चावी संपली. बोकड पडला. रक्त भेगांत शिरलं. फिल्मवर काही आलं नव्हतं.

"परत घ्यावं लागेल," विलास म्हणाला.

तुका म्हणाला, "देवीला एकच कबूल व्हता, साहेब. दुसरा कोणाच्या नावानं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बिडकीनच्या बाजारातून बोकड आणला. मोपेडवर, माझ्या आणि विलासच्या मध्ये. तो सगळा रस्ता माझ्या कानात ओरडत होता आणि त्याचा गरम मूत माझ्या पँटवर सांडत होता. तुकानं आमच्या सांगण्यावरून पुन्हा कोयता उचलला. ज्याच्या हातून आयुष्यात कधी घाव चुकला नसेल त्याचा चुकला. कोयता मानेऐवजी खांद्यात रुतला. बोकड कोयत्यासकट पळाला, देवळाच्या दाराशी घसरला, पुन्हा उठला. रंगनाथनं धावत जाऊन त्याला खाली दाबलं. तीन घाव लागले. या वेळी कॅमेरा चालू होता, माझा माईकही चालू होता, आणि घरी येऊन मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आणि खूश झालो. इतका जवळचा आवाज मला तोवर मिळाला नव्हता. त्या बोकडाचं मटण तिथं कुणी शिजवलं नाही. बायकांनी ते उचलून पाण्यात सोडून दिलं.

रंगनाथ त्यानंतर आमच्याशी कमी बोलायला लागला. हसायचा, पण कॅमेरा चालू असतानाच.

आषाढातला वारा ज्यानं त्या पाण्यावर ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पश्चिमेकडून निघतो, मैलोगणती पाण्यावर त्याला अडवायला काही नाही. वाळक्या बाभळी पाण्यात कमरेएवढ्या बुडून उभ्या, त्यांच्या फांद्या मोडून पडायच्या तर बंदूक उडाल्यासारखं वाटायचं. लाटा काठावर आदळून घरांच्या ओट्यापर्यंत यायच्या. कुडाच्या भिंती हलायच्या. शेळ्या घरात माणसांबरोबर. चुलीचा धूर वर जायच्या ऐवजी आडवा होऊन डोळ्यांत शिरायचा. विलास खुशीत होता. त्याला त्याचं वादळ मिळालं होतं.

पण वादळात होडी नुसती होडीच दिसत होती. मग त्याची नजर एका घरामागं पालथ्या पडलेल्या कढईवर गेली. गुऱ्हाळात गूळ करायची लोखंडी कढई, एवढी मोठी की चार माणसं बसतील. गोदावरी जेव्हा नुसती नदी होती तेव्हा भोई लोक अशा कढईत माणसांना बसवून पलीकडे न्यायचे. एकजण कमरेला कढईचा दोर बांधून पोहत ओढायचा. नदीचं पात्र पसरून तलाव झाला, होड्या आल्या, आणि कढईखाली कोंबड्या राहायला लागल्या. विलासनं कोंबड्या हाकलल्या.

"हीच!" तो म्हणाला. "हे कुणी बघितलेलं नाही."

रंगनाथनं कढई उलटीपालटी करून पाहिली, बोटानं गंज खरवडला आणि मान हलवली. "ही नदीची हाय, साहेब. लाटंची नाय." तरी तो गेला. कमरेला कढईचा दोर बांधला, कारण विलासला दोर हवा होता. उघड्या अंगानं, कढईच्या मधोमध गुडघ्यावर बसून, एक वल्हं घेऊन पन्नास-साठ हात आत गेला. कढई गरगर फिरायची, लाटेवर चढायची, तिथून दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा वर यायची. काठावर गयाबाई उभी होती. विलासची चावी पुरली. रंगनाथ परत आला. विलासनं कॅमेऱ्याला मिठी मारली आणि मला म्हणाला, "मिळालं! आता आयुष्यात काही नाही मिळालं तरी चालेल."

मी कानाला हेडफोन लावून टेप मागं फिरवून ऐकत होतो. त्यात काही नव्हतं. नुसती फडफड. वारा थेट माईकमध्ये शिरला होता, लाट नाही, वल्हं नाही, माणूस नाही. मी माईकला फडकं गुंडाळायचं विसरलो होतो. चूक माझी होती. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. आमचा कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. चित्र वेगळं, आवाज वेगळा, नंतर जोडायचा. लाटेचा आवाज मला काठावर उभं राहून संध्याकाळी घेता आला असता, उद्या घेता आला असता, कुणीही पाण्यात नसताना घेता आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतर जे झालं ते सगळं टेपवर आहे. मी माईकला माझा रुमाल गुंडाळला आणि यंत्र चालू केलं.

एवढं आठवण्यात तो आठवडा गेला. पुढच्या रविवारी सुमन आली तेव्हा मी तिच्यासाठी फिल्मचा एक तुकडा काढून ठेवला होता. गठ्ठ्याच्या बाहेरच्या वेटोळ्यातली चार चित्रं कशीबशी वाचली होती. खिडकीशी उजेडात धरून मी तिला दाखवली. नखाएवढी चौकट, त्यात पांढुरकं पाणी, एक काळा गोल आणि गोलात एक माणूस. तोंड दिसत नव्हतं. खांदे दिसत होते.

"हेच का?" ती म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. "खांदे माझ्या पोराचे हायेत बघा. असेच रुंद." तिनं तो तुकडा रुमालात घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. चेहऱ्यावर समाधान होतं. उठली, पायात चप्पल घातली. मी तिला जाऊ देऊ शकलो असतो. खरं सांगायचं तर मी दारापर्यंत सोडायला म्हणून उठलोही होतो.

दारात ती म्हणाली, "लई पेत होते म्हणं बाबा. पिऊनच गेले पाण्यात, तुमी नको म्हणत असताना. आई अजून शिव्या घालती त्यांना. मला सासरी दारुड्याची पोर म्हणायचे. माझा नवरा प्यायला लागला तवा बी आई म्हणली, तुझ्या बापाचीच सावली पडली." ती हे रागानं बोलत नव्हती. रोजच्या भाजीबद्दल बोलावं तसं बोलत होती.

"बसा, सुमनताई," मी म्हणालो.

स्पूलचा टेपरेकॉर्डर माझ्याकडे अजून आहे, चालता. टेप लावताना यंत्राचं झाकण तिनंच धरलं. आधी वारा आला. मग लाटांचा आवाज, खणखणीत. रुमालानं काम केलं होतं. मग रंगनाथचा आवाज, अगदी जवळून, श्वासासकट.

"साहेब, वारं फिरलंय. आता नाय. उद्या बघू."

सुमनचे डोळे मोठे झाले. चाळीस वर्षांत तिनं बापाचा आवाज कधी ऐकला नव्हता.

मग दुसरा आवाज. तरुण, गोड, समजावणीचा. माझा.

"रंगनाथ, फक्त एकदा. चित्र छान आलंय, आवाज तेवढा नाही आला. माझ्यासाठी जा."

"दोर सोडू का कमरंचा? जड हाय."

"राहू दे. तसाच जा."

आणि गयाबाईचा आवाज, लांबून, "अवं, नगा जाऊ!"

पुढचं मला तिला ऐकवायचं नव्हतं, पण हात बंद करायला गेला नाही. कढईवर पाणी चढलेलं ऐकू येतं. लोखंडावर पाणी भरताना घागर भरल्यासारखा आवाज येतो, खोल जाणारा. मग बाजू आपटते. मग काहीच नाही, आणि मग काठावरची सगळी माणसं एकदम ओरडतात. कढई तळाला गेली आणि दोरानं त्याला बरोबर नेलं. माशासारखा पोहणारा माणूस. त्याला काढायला पाच जणांनी उड्या मारल्या. त्यात एक बाई ओरडत राहते, एकाच सुरात, न थांबता. त्यानंतर धप् धप् असं येतं. ते माझं अंग आहे. टेकाडावरच्या माणसांनी वल्ह्यांनी आम्हाला मारलं. विलासचं गळ्याचं हाड मोडलं, माझे पुढचे दोन दात गेले. मी ओणवा होऊन टेपरेकॉर्डर पोटाखाली घेतला होता, पाठीवर घाव घेत होतो, आणि यंत्र चालूच होतं. ते वाचवलं. ते दोन दात गेले म्हणजे फिटलं, असं मी बरीच वर्षं मानलं.

पोलिसांपुढे जबाब देताना विलास म्हणाला, दारू प्यायला होता, आम्ही अडवलं तरी ऐकेना. मी खाली सही केली. टेपबद्दल कुणी विचारलं नाही. बेटावरची माणसं अडाणी, आम्ही शिकलेले, आमचं खरं धरलं गेलं. सकाळपासून तो आमच्याबरोबर होता आणि वाऱ्यात आमचं बोलणं गयाबाईपर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून तिनंही ते खरं धरलं. पुढच्या उन्हाळ्यात टेकाड रिकामं झालं, घरं गावठाणात गेली. विलासनं पुन्हा कॅमेरा धरला नाही. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं डबा माझ्याकडे पाठवला. आणि मी? मी आयुष्यभर लोकांचे आवाज दुरुस्त करत बसलो.

टेप संपून तिचं टोक फटफट वाजत राहिलं. सुमननंच हात लांब करून यंत्र बंद केलं.

"पेलेले नव्हते?"

"नाही. त्या दिवशी नाही. कधी प्यायलेला मी बघितला नाही."

"तो आवाज तुमचाच?"

"माझाच."

ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. तिनं पदर खोचला. "हे आईपुढं बोलायचं," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं नाय. तुमच्या."

आज दुपारी आम्ही गेलो. बिडकीन ओलांडून पुढे, कंपन्यांच्या कुंपणाकडेनं, मग डावीकडे पाण्याच्या दिशेनं. गावठाण उंचावर आहे, तिथून ते टेकाड दिसतं. या वर्षी पाणी लवकर भरलंय आणि टेकाडावर काही नाही, नुसत्या वेड्या बाभळी. वारा होता. गाडीतून उतरून मी दाराला धरून उभा राहिलो.

गयाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. सत्तरीची, वाळलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. मी टेपवरचा एवढा भाग मोबाईलवर घेऊन गेलो होतो. तिच्या कानाशी धरला. वारं फिरलंय, आता नाय, उद्या बघू. तिचे हात सुपात थांबले. तिनं आवाज ओळखला हे तिच्या मानेवरून कळलं. मग माझा आवाज आला. मग तिचा स्वतःचा, तिशीच्या आतला. मी म्हणालो, "मी पाठवला त्याला. तो प्यायलेला नव्हता. मी खोटी सही केली."

तिला उठायला वेळ लागला. भिंतीला धरून उठली, पायातली चप्पल काढली आणि मला मारायला लागली. तोंडावर, खांद्यावर, डोक्यावर. म्हाताऱ्या हातात जोर नव्हता, पण ती थांबत नव्हती. सूप कलंडून तांदूळ अंगणभर झाले. शेजारची माणसं जमली. सुमन पुढे आली नाही, आणि तिनं कुणाला पुढे येऊही दिलं नाही. माझा चष्मा फुटला. ओठ फाटून रक्त तोंडात आलं. दम लागून तिचा हातच उचलेना, तेव्हा ती खाली बसली.

"चाळीस वर्सं," ती म्हणाली, "चाळीस वर्सं म्या त्याला शिव्या घातल्या. पित्रपाठात सासूचं पान ठिवलं, सासऱ्याचं ठिवलं, दिराचं बी ठिवलं. त्याचं नाय. मला टाकून दारूपायी गेला म्हणून एक घास दिला नाय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "उपाशी ठिवला म्या त्याला."



मग तिनं मान वर केली. "तिथी ध्यानात हाय का तुला? मला नाय ऱ्हायली."

आमचं घर भिक्षुकीचं. माणूस गेल्याची तिथी आमच्याकडे विसरत नाहीत, आणि ही तर मी दर वर्षी मनात धरली होती, कुणाला न सांगता. "षष्ठी," मी म्हणालो.

तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग सुमनला म्हणाली, "षष्ठीला मरळ आण. त्याला आवडायची. आन् याला बी बोलव. त्याच्या हातानं पान बाहीर ठिवायचं. कावळा नाय शिवला तर हाच बोलंल त्याच्याशी. याच्या शब्दावर गेला व्हता ना, मग याच्याच शब्दावर येऊ दे."

सुमननं मान हलवली. मी वाकून सांडलेले तांदूळ गोळा करायला लागलो, तसं गयाबाईनं सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

पितृपक्षाला अजून दोन महिने आहेत.